छत्तीस भोकं : एका जुन्या शिडाच्या बोटीच्या सरकत्या हॅचचं प्रकरण

डिसेंबरातला रविवार. खांदेरीहून मुंबईला परत येत होतो. दुपारनंतर वायव्येचा वारा धरला आणि आम्हाला जायचं होतं नेमकं उत्तरेला. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) आपटत, पाणी अंगावर घेत. तिसऱ्या की चौथ्या लाटेचं पाणी केबिनच्या छतावरून मागे धावत आलं तसा मी भाच्याला ओरडलो, "हॅच ओढ!" त्याने उजवा कोपरा धरून जोरात ओढली. ती वीतभर सरकली, तिरकी झाली आणि अडकली. ना पुढे ना मागे. पुढचा दीड तास तो त्या फटीला पाठ लावून बसला होता. अपोलो बंदराला नांगर टाकला तेव्हा केबिनमधल्या गाद्या भिजलेल्या, तांदळाच्या डब्यात पाणी आणि व्हीएचएफ रेडिओ कायमचा मुका.

ही बोट २६ फुटी, फायबरग्लासची, इंग्लंडात १९७० च्या दशकात बांधलेली. मी तिचा चौथा मालक. केबिनमध्ये उतरायच्या जिन्यावर एक सरकतं झाकण असतं, तीच हॅच. पुढे ढकलली की ती छतावरच्या दोन रुळांवरून सरकते आणि वाट मोकळी होते. मागे ओढली की दाराच्या उभ्या फळ्यांना येऊन टेकते. दिवसातून पन्नासदा हात लागतो तिला, पाय त्याहून जास्त वेळा पडतो. आणि बोटीवर सगळ्यात दुर्लक्षित वस्तूही तीच. शिडाला शिवण उसवली की आपण लगेच धावतो. हॅच कुरकुरली तर म्हणतो, जुनी झाली आता.

मीही तेच म्हणत होतो, सहा वर्षं. दर पावसाळ्याआधी सिलिकॉनची एक नळी घेऊन जायचो आणि हॅचच्या पुढच्या कडेला भरून यायचो. माझ्या आधीच्या तिघांनीही तेच केलेलं असावं, कारण खरवडायला घेतलं तेव्हा सिलिकॉनचे थर झाडाच्या वलयांसारखे निघाले.

बोट वर

मे महिन्यात अमावस्येच्या उधाणाला बोट करंजाला वर घेतली. मासेमारीच्या होड्या चढवतात त्याच उतारावर, कडेला जागा मिळाली. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटी तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याआधी काम उरकायचं होतं. आमच्या बोटीला खाली एक नव्हे, दोन कील आहेत, म्हणजे तळातून खाली जाणारे जड पंखे, दोन्ही बाजूंना एकेक. म्हणून टेकू न लावता ती सरळ उभी राहते. बंदरावरची पोरं तिला 'दोन पायांची' म्हणतात.

मिस्त्री साठीचे. लाकडी होड्यांवर हात बसलेला, गेली पंचवीसेक वर्षं फायबरही करतात. त्यांनी हॅचभोवती एक फेरी मारली, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं आणि म्हणाले, "साहेब, इथं बोलतंय, इथं नाय बोलत." चांगल्या भागावर आवाज टणक येत होता. मधल्या हाताच्या दांडीभोवती आणि कुलपाच्या कडीपाशी बद्द, भिजलेल्या खोक्यासारखा. खडूने त्यांनी त्या बद्द भागाची हद्द आखली. ती गोल नव्हती. दोन ठिकाणांहून निघून पंख्यासारखी पसरलेली होती, आणि दोन्ही पंख्यांची मूठ स्क्रूवर होती.

मी त्यांना पुढच्या कडेबद्दल सांगितलं. पाणी तिथूनच येतं, माझी खात्री होती. ते म्हणाले, "बघूया की. पानी कुठनं येतं ते पान्यालाच विचारायचं."

पाण्याला विचारणं

फळीवर रेघ मारायला सुतार दोरी वापरतात, त्या दोरीला लावायची नीळ त्यांच्या पेटीत होती. ती त्यांनी केबिनच्या आतून, हॅचच्या चौकटीभोवती पांढऱ्या छतावर कापसाने हलकी फासली. कोरडी नीळ फिकट दिसते, पाणी लागलं की गडद रेघ उमटते. मग मी आत बॅटरी घेऊन, ते बाहेर नळी घेऊन. नळीला जोर नाही, नुसतं वाहतं पाणी. आधी फक्त रुळांच्या पायथ्याशी, दहा मिनिटं. बाकी सगळं चिकटपट्टी आणि प्लास्टिकने झाकलेलं. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर उत्तर मिळत नाही, नुसता गोंधळ होतो.

चौथ्या मिनिटाला डाव्या रुळाच्या सातव्या स्क्रूपाशी एक निळा ठिपका गडद झाला. तिथून रेघ निघाली ती छताच्या आतल्या बाजूने सरळ, जवळजवळ ४० सेंटिमीटर, आणि तिथे थेंब होऊन पडली. नेमकी रेडिओच्या वर. सहा वर्षं मी तो थेंब पडतो त्या जागेच्या वर, बाहेरून, सिलिकॉन भरत होतो. पाणी आत शिरत होतं हातभर लांबून.

मग पुढच्या कडेची पाळी. नळीने अर्धा तास पाणी सोडलं, आत एक थेंब नाही. माझं तोंड उतरलेलं पाहून मिस्त्रींनी बादली उचलली, चार पावलं मागे गेले आणि पुढून पाणी सपकन फेकलं. आत माझ्या तोंडावर शिंतोडे.

म्हणजे गळती एक नव्हती, दोन होत्या. पावसाची वेगळी, लाटेची वेगळी. पाऊस वरून पडतो, सावकाश उतरतो आणि भोक शोधतो. त्याला रुळाच्या स्क्रूची वाट पुरते. लाट आडवी येते, वेगाने येते आणि फटीतून वर चढते. तिला हॅचची पुढची कड उघडी मिळत होती. एकाच औषधाने दोन्ही दुखणी बरी करायला गेलो म्हणून एकही बरं झालं नाही. हे कळायला एक दुपार, पाच रुपयांची नीळ आणि एक बादली लागली. छतावरचे निळे डाग अजून आहेत, ते जात नाहीत. नीळ वापरणार असाल तर आधी ओल्या फडक्याने पुसून निघते का ते एका कोपऱ्यात पाहून घ्या.

त्या संध्याकाळी आम्ही हॅच आणि तिच्या चौकटीची सगळी भोकं मोजली. रुळांची १८, हाताच्या दांड्यांची ४, कडीकोयंड्याची ४, अडसरांची ४ आणि कुणीतरी कधीकाळी सौर पॅनेल बसवून नंतर काढल्याची ६. एकूण ३६. त्यातल्या एकाही भोकात आत लेप दिलेला नव्हता. स्क्रू फिरवला, वरून मलम लावलं, झालं काम. पाण्याशी असला छत्तीसचा आकडा घेऊन बोट पन्नासएक वर्षं तरली, हे बांधणाऱ्यांचं कौतुक.

गाभा

हॅच काढतानाच पाच स्क्रूंची डोकी तुटली, ती ड्रिलने काढावी लागली. मग ती उलटी करून, दोन आवरणांमधला लाकडी गाभा काढायला, आतलं फायबरचं आवरण कापायचं होतं. इथे मी घाई केली असती. हॅच सपाट नसते, तिला पाठीसारखा हलका बाक असतो. त्या बाकामुळेच तिला जोर येतो आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. आतलं आवरण आणि गाभा काढला की उरतो फक्त ४ मिलिमीटरचा बाहेरचा पापुद्रा, आणि तो पापडासारखा लवतो. त्याच अवस्थेत नवा गाभा चिकटवला तर बाक गेलाच.

मिस्त्रींनी ओल्या वाळूचा ढीग केला, त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि हॅच पालथी करून दाबून बसवली. वाळूने तिचा आकार घेतला. काम संपेपर्यंत ती त्या गादीवरून हलवायची नाही, हा हुकूम. कारखान्यात यासाठी साचा करतात. इथे घमेलंभर वाळू.

ग्राइंडरने कडेपासून २५ मिलिमीटर आत, जेमतेम २ मिलिमीटर खोल चर मारला आणि आतलं आवरण उचकटलं. खाली प्लायवूड. दांडीजवळचं प्लाय काळं पडून चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं, बोटाने निघत होतं, आणि वास भिजल्या गोणपाटाचा. पण पुढच्या डाव्या कोपऱ्यातलं लाकूड इतकं शाबूत होतं की पटाशी आणि हातोडीने तुकडे करून काढावं लागलं. एकाच तुकड्याचं एक टोक कुजलेलं आणि दुसरं नव्यासारखं. वय दोघांचं सारखंच. फरक भोकाचा.

पापुद्रा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करायला एक अख्खा दिवस गेला, आणि त्यातला निम्मा सिलिकॉनने खाल्ला. सिलिकॉन डोळ्यांना दिसेनासा झाला तरी त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर पुढे काहीच धरत नाही, ना रेझिन (फायबरचे थर जोडणारा, नंतर कडक होणारा द्रव) ना रंग. तपासायची सोपी रीत आहे. पाणी शिंपडायचं. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर जागा साफ. थेंब थेंब होऊन पळालं तर पुन्हा घासा. आमचं पाणी तीनदा पळालं.

नवा गाभा कशाचा, यावर बरंच बोलणं झालं. ९ मिलिमीटरचं एकच प्लाय त्या बाकावर वाकणार नव्हतं. म्हणून ४ मिलिमीटरचे दोन थर, आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय, रे रोडच्या लाकूडबाजारातून आणलेलं. पातळ थर एकेकटे सहज वाकतात. दोन्ही मधे रेझिन घालून वाकलेल्या अवस्थेत एकमेकांना चिकटले की तो बाक कायमचा. आणि एक गोष्ट ठरवून केली: जिथे जिथे पुढे स्क्रू किंवा बोल्ट येणार होता तिथे प्लाय घातलंच नाही. त्या जागी फायबरचे तुकडे आणि रेझिन भरून भरीव ठोकळे केले. भोक पडायचंच आहे तर निदान लाकडात नको.

रेझिनचा वाद

बंदरावर सगळं काम पॉलिएस्टर रेझिनमध्ये चालतं. स्वस्त, लवकर धरणारं, हाताला सवयीचं. मिस्त्रींना तेच हवं होतं, वर कापलेल्या धाग्यांची मॅट. मला इपॉक्सी हवं होतं. नवी अख्खी होडी घडवायची तर पॉलिएस्टरला नावं ठेवायचं कारण नाही; सगळे थर एकत्र धरतात. पण पन्नास वर्षांच्या जुन्या, पूर्ण पिकलेल्या पृष्ठभागावर आणि लाकडावर चिकटायचं तर इपॉक्सीची पकड कितीतरी घट्ट. "दोन पैसे जास्त जातील," मी म्हटलं. "जातील तुमचे," मिस्त्री म्हणाले, आणि हसले.

मॅटवर मात्र मला अडून बसावं लागलं. त्या मॅटचे धागे एकत्र धरणारा जो चिकटा असतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, ताठ राहते, खाली हवा अडकते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच वापरायचं. आम्ही आतून कापडाचे दोन थर दिले.

ओघात एक इशारा. पॉलिएस्टरबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. त्या दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. मुरलेल्या माणसांच्या हातूनही घाईत ही चूक होऊ शकते, म्हणून आमचे मिस्त्री दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या पेट्यांत ठेवतात.

इपॉक्सीनेही आपला इंगा दाखवला. मेमधली सकाळ, साडेनऊ वाजलेले, अंगाची लाही. मी उत्साहाने ३०० ग्रॅम एकदम रंगाच्या डब्यात कालवलं. ते धरताना स्वतःची उष्णता स्वतःच तयार करतं. डब्यात साठून असलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे धरण्याचा वेग वाढतो, त्याने आणखी उष्णता. दहा मिनिटांत डबा धुमसायला लागला. मिस्त्रींनी तो काठीने ढकलून वाळूत लोटला, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे साडेपाचला काम सुरू केलं, १०० ग्रॅमहून जास्त कालवलं नाही आणि कालवलेलं लगेच पसरट थाळीत ओतलं. पातळ पसरलं की उष्णता उडून जाते, हाताशी वेळ राहतो.

थर बसवल्यावर दाब हवा. वाळूच्याच पिशव्या भरल्या, प्लास्टिकवर ठेवल्या, एकूण सत्तरेक किलो. वाळू खाली, वाळू वर, मधे हॅच. दुसऱ्या दिवशी उचलली तेव्हा बाक जसाच्या तसा.

आधी आणि नंतर एक मोजमाप घेतलं होतं. हॅच दोन टोकांना टेकवून मधे मी उभा, ८२ किलो, आणि ताणलेल्या दोरीपासून किती खाली जाते ते पट्टीने पाहायचं. आधी १४ मिलिमीटर. नंतर २.

का अडकते?

गळती एक झाली. भाच्याच्या हातात ती अडकली ते दुखणं वेगळं.

घरच्या जुन्या लाकडी कपाटाचा खण आठवा. मधोमध धरून ओढला तर येतो. एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन रुततो, आणि जितका जोर लावाल तितका घट्ट. याचा हिशेब सोपा आहे. बाजूच्या मार्गदर्शक पट्टीची लांबी घ्या, तिला घर्षणांकाच्या दुपटीने भागा. ओढायची जागा मध्यापासून त्याहून दूर गेली की वस्तू अडकणार, मग भीम आला तरी.

आमच्या डाव्या रुळाची कड पुढे तुटलेली होती, त्यामुळे ६८ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीतली खरोखर टेकणारी लांबी ३० च उरली होती. ओल्या, फुगलेल्या लाकडावर लाकूड, घर्षणांक साधारण ०.५. म्हणजे मर्यादा ३० सेंटिमीटर. भाच्याने धरलेला कोपरा मध्यापासून ३१ वर. त्या पोराला मी घरी येईपर्यंत काय काय बोललो होतो.

उपाय दोन बाजूंनी केला. तुटलेली कड सागाच्या नव्या पट्टीने भरून पूर्ण लांबी परत मिळवली, आणि रुळाला गुळगुळीत अस्तर दिलं. अस्तरासाठी मुद्दाम काही आणायला लागलं नाही. भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा जाड पाट असतो ना, १२ मिलिमीटरचा, तो पॉलिथिलीनचा. पाणी पीत नाही, कुजत नाही, तेलाशिवाय सरकतो. दोन नवे पाट आणले. जुना एक घरातून नेला होता, तो परत मागितला गेला. गोल करवतीने पट्ट्या कापल्या. घर्षणांक आता ०.२ च्या आसपास, लांबी ६८. मर्यादा १७० सेंटिमीटर. म्हणजे बोटीबाहेर पाण्यात उभं राहून ओढली तरी अडकू नये.

अडकली. दुसऱ्याच दुपारी.

सकाळी मख्खनासारखी सरकणारी हॅच दोन वाजता हलेना. पाहतो तर पट्ट्या सापासारख्या वळवळल्या होत्या. पॉलिथिलीन उन्हात बेसुमार वाढतं. मीटरभर पट्टी दर अंशाला साधारण ०.१५ मिलिमीटर. सकाळचे २७ अंश आणि दुपारी उन्हात तापलेल्या छतावरचे पंचावन्न-सत्तावन्न, म्हणजे आमच्या लांबीला ३ मिलिमीटर. आणि आम्ही पट्टीचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून, खोलगट डोक्याच्या स्क्रूने गच्च आवळले होते. तिला जायला जागाच नाही, म्हणून ती वर आली. मग तुकड्यांत ३ मिलिमीटर फट ठेवली, गोल भोकांच्या लांबट खाचा केल्या, चपट्या डोक्याचे स्क्रू वायसरसकट बसवले आणि पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतले. तेव्हापासून तक्रार नाही. चिकटवायचा विचार करू नका, या प्लास्टिकवर इपॉक्सी धरत नाही.

रुळ परत बसवताना त्या १८ भोकांचं खरं काम झालं. प्रत्येक भोक दुप्पट मोठं केलं, कडेचं ओलं लाकूड खरवडलं, खालून चिकटपट्टी लावून सागाचा भुसा घातलेल्या दाट इपॉक्सीने गच्च भरलं, आणि ते धरल्यावर मधोमध नवं भोक पाडलं. आता स्क्रूभोवती चारही बाजूंनी रेझिनची भिंत आहे. लेप उद्या फाटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला हलकी खळगी दिली, म्हणजे आवळताना लेप सगळा बाहेर पिळून न जाता तिथे कडं करून बसतो. लेप पॉलियुरेथेनचा. सिलिकॉनची उरलेली नळी मी बंदरावरच्या चहावाल्याला दिली, त्याच्या बेसिनसाठी.

नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे बोल्ट घेताना ३१६ प्रतीचे मागा. ३०४ समुद्राच्या पाण्यात बारीक भोकांनी खाल्लं जातं. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही सहसा चिकटत नाहीत. पेटीवरचा किंवा डोक्यावरचा शिक्का पाहणं हाच मार्ग. सौर पॅनेलची सहा भोकं कायमची बुजवली.

वळचण

उरली लाट. हॅचची पुढची कड कितीही घट्ट केली तरी ती सरकणारी वस्तू, फट राहणारच. फट बुजवण्यापेक्षा पाणी फटीपर्यंत पोचूच नये, हे जास्त शहाणपणाचं. कोकणात कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात. एकावर एक चढलेली असतात, एवढंच, आणि भिंतीच्या पुढे वळचण असते. हॅचलाही तशी वळचण करतात: छतावर एक उथळ खोकं, पुढून बंद, मागून उघडं, हॅच उघडली की त्यात शिरते. आमच्या बोटीला ते मुळात नव्हतं.

साचा म्हणून हॅचच वापरली. ती छतावर पूर्ण पुढे सरकवली, वर १० मिलिमीटर थर्माकोल, त्यावर खाकी चिकटपट्टी, त्यावर मेण, आणि वरून कापडाचे चार थर. काढल्यावर थर्माकोलच्या जाडीएवढी मोकळी जागा आपोआप मिळाली. दोन ठिकाणी विचार करावा लागला. एक, आत शिरलेलं पाणी बाहेर कसं जाणार? आमचं छत पुढे उतरतं, म्हणून पाणी पुढच्या कोपऱ्यांत साठणार. तिथे बाजूंना, मागे तोंड असलेली २० मिलिमीटरची दोन भोकं ठेवली. तोंड पुढे ठेवलं असतं तर लाटेलाच नळ जोडून दिल्यासारखं झालं असतं. दोन, ही वळचण चिकटवायचा मोह होतो. चिकटवली की हॅच पुन्हा कधी बाहेर काढता येत नाही, कारण ती निघते पुढूनच. म्हणून सहा बोल्ट, खाली रबराची पट्टी. बोल्ट छतातून आरपार, म्हणजे आणखी सहा भोकं. पण भरून, मग पाडलेली. छतावरची हाताची दांडी मात्र तिच्या आड येत होती, ती हलवावी लागली, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

एकाने सुचवलं होतं की हॅचचा मधला भाग पारदर्शक ॲक्रिलिकचा करा, केबिनमध्ये उजेड येईल. थंड देशात ठीक आहे. इथे एप्रिलमध्ये त्या केबिनमध्ये पापड वाळतील. आम्ही वरून पांढरा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग दिला. रंग हवाच, इपॉक्सी उन्हात टिकत नाही. आणि ओल्या रंगावर बारीक चाळलेली वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून.

कडीकोयंडा बदलला तो वेगळ्या कारणाने. आधीची कडी फक्त बाहेरून लागायची. इंग्लंडातून निघणाऱ्या शिडाच्या बोटींच्या फास्टनेट शर्यतीत १९७९ साली ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक गेले, ५ बोटी बुडाल्या. त्यानंतरच्या चौकशीत केबिनच्या दाराच्या फळ्या निसटून वाहून गेल्याच्या गोष्टी पुढे आल्या. दार उघडं राहिलेली आणि आडवी झालेली बोट भरत जाते. आज समुद्री शर्यतींच्या नियमांत हॅच आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बंद आणि उघडता आली पाहिजे, बोट उलटी असतानासुद्धा, आणि फळ्या दोरीने बोटीला बांधलेल्या हव्यात. आम्ही काही शर्यत खेळत नाही. पण खांदेरीहून येताना तो पोरगा फटीला पाठ लावून बसला होता. आता एक आडवी पितळी सळई आहे, दोन्हीकडून फिरते. फळ्यांना दोरी आहे.

हिशेब

नऊ दिवस गेले. खर्च २३,००० रुपये, त्यातले ९,००० मिस्त्रींचे, साडेचार हजार इपॉक्सी आणि कापडाचे, बाकी प्लाय, बोल्ट, रंग, पाट आणि वाहतूक. नवी हॅच करवून घेतली असती तर किती लागले असते ते मी विचारलंच नाही. नवीलाही त्याच १८ जुन्या भोकांवर बसावं लागलं असतं.

मग पावसाची वाट. मुंबईत तो साधारण ११ जूनच्या आसपास लागतो. बोट करंजालाच वर होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच हॅचवर ताडपत्री घातली नाही. आत जमिनीवर, गाद्या काढून, वर्तमानपत्रं अंथरली. दर पंधरा दिवसांनी जाऊन कागद बघायचा, डागांवर पेनाने तारीख टाकायची, नवे अंथरायचे. पाऊस नेहमीसारखाच, दोन हजार मिलिमीटरच्या घरातला. रेडिओच्या खालचे कागद चारही वेळा कोरडे. जिन्याखालचेही.

नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला बोट खाली घेतली. मिस्त्री कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीत, बसून होते. भाच्याने हॅच उजव्या कोपऱ्याला धरली, मुद्दाम, आणि एका बोटाने ओढली. ती टोकापर्यंत गेली. मिस्त्रींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दांडीला पालिश मारायचं राहिलं."

शेवटचे कागद मी उचलून घेतले तेव्हा पुढच्या झोपायच्या जागेत, नाळेकडच्या खिडकीखाली, एक तपकिरी कडं दिसलं. तारीख १९ जुलै. तिथे हॅच नाही, रुळ नाहीत. खिडकीच्या चौकटीला बारा स्क्रू आहेत.